मामांच्या पिकअपचं इंजिन आणि थावाचा हिशोब

दिंडोरीला मामांच्या शेडमध्ये एक पिकअप कितीतरी वर्षं उभी होती. पिकअप म्हणजे कंपनीतून तशी आलेली नाही, मूळ महिंद्राची पेट्रोल जीप, उंच बॉनेटची, आणि मागे कुणातरी बॉडीवाल्याने हौदा बसवलेला. एकेकाळी हिच्यात द्राक्षाचे क्रेट जायचे, नंतर कांद्याच्या गोण्या, नंतर फक्त कोंबड्या बसायच्या. मामा म्हणाले भंगारात देतो, मी म्हटलं थांबा, इंजिन मी बांधतो. मी काही मेकॅनिक नाही, सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीत आहे, दिवसभर हातात मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, असतो एवढंच. पण हे काम संपल्यावर माझं मत असं झालंय की घरी इंजिन बांधताना पान्यापेक्षा मायक्रोमीटरचंच काम जास्त पडतं, आणि घरी बांधलेली इंजिनं फसतात ती बहुतेक तिथंच फसतात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी हे इंजिन कोणतं ते सांगतो, कारण ते जरा विचित्र आहे. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली, आणि पुढे उंच बॉनेटच्या जीपमध्ये जे पेट्रोल इंजिन आलं त्याचं नाव हरिकेन. चार सिलिंडर, २१९९ सीसी, बोअर म्हणजे सिलिंडरच्या भोकाची रुंदी सव्वातीन इंचाला एक सूत कमी म्हणजे ३.१२५ इंच, आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव ४.३७५ इंच, म्हणजे पिस्टन जेवढा रुंद त्यापेक्षा बराच जास्त लांब पळतो. म्हणूनच हे इंजिन स्पीडला नाही तर ओढायला चांगलं. विचित्र भाग म्हणजे ह्याचे इनटेक वॉल्व (हवा-पेट्रोल आत घेणारे) वर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, आणि एक्झॉस्ट वॉल्व (धूर बाहेर सोडणारे) खाली ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडरांच्या मुख्य ठोकळ्यात. आधीच्या जीप इंजिनात दोन्ही खालीच होते, यात इनटेक वर नेले म्हणून इंजिन उंच झालं आणि त्यासाठी बॉनेट उंच करावं लागलं. आपल्याकडे पुढे पेट्रोल परवडेना म्हणून बऱ्याच लोकांनी ही इंजिनं काढून डिझेल टाकली, मामांनी आळसामुळे टाकलं नाही, तो आळस आता कामाला आला.

इंजिन खोलायचं का नाही हे आधी ठरवा. मामांची तक्रार दोन गोष्टींची होती, वणीच्या चढाला दम लागतो आणि मागे निळा धूर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर कुलंट आत शिरतंय. निळ्यात ऑइल दोन वाटांनी येतं, पिस्टनभोवतीच्या रिंगांजवळून खालून वर किंवा वॉल्वचा दांडा ज्या नळीत सरकतो त्या गाइडमधून. कोणत्या वाटेने हे कळायला कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, लावायचा. चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, स्टार्टर मारा, आकडा लिहा. मग त्याच सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मारा. आकडा चांगला वर आला तर रिंगा आणि बोअर गेलेत, कारण ऑइलने तात्पुरती फट भरली. आकडा हललाच नाही तर गळती वॉल्वला आहे. माझ्या दोन आणि चार नंबरला आकडा बाकीच्यांपेक्षा फारच कमी होता आणि ऑइल टाकल्यावर दोन्ही उसळले. म्हणजे खोलणं आलंच.

उतरवायचं काम फार लिहीत नाही, शेडच्या लोखंडी गर्डरला चेन कप्पी बांधली, दोन जण असले की होतं. फक्त प्रत्येक नट काढताना मोबाइलवर फोटो काढा आणि बोल्ट बिस्किटाच्या डब्यात टाकून वर चिठ्ठी चिकटवा. मी पहिल्या दिवशी उत्साहात एकाच घमेल्यात सगळे टाकले, नंतर तीन संध्याकाळी ते घमेलं चाळण्यात गेल्या.

हेडपाशी मात्र थांबा. हेडचे दिसतील तेवढे सगळे बोल्ट काढले, रबरी हातोडीने ठोकलं, हेड जागचं हलेना. मामांनी छिन्नी आणली, म्हणे गॅस्केट चिकटलंय, फटीत घालून उचलू. नशीब की मी हो म्हटलं नाही. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा-पेट्रोल वाटणारा पाइप, वेगळं नसतंच, ते हेडमध्येच ओतलेलं असतं आणि कार्ब्युरेटर थेट हेडवर बसतो. आणि कार्ब्युरेटरच्या खाली, जिथून हवा आत जाते त्या भोकात, एक हेड बोल्ट लपलेला असतो. कार्ब्युरेटर काढून टॉर्च मारल्यावर तो काळ्या कार्बनमध्ये दिसला, दिसला म्हणजे काय, बोटाला लागला. तो काढला आणि हेड निमूट वर आलं. छिन्नी मारली असती तर हेडचा फेस गेला असता.

पुढचा धोका एक्झॉस्ट वॉल्वचा. ते ब्लॉकमध्ये असल्यामुळे त्यांच्या स्प्रिंगा एक्झॉस्ट मॅनिफोल्डखालच्या झाकणाच्या आत असतात, आणि स्प्रिंग दाबून जे छोटे लॉक काढायचे ते हातातून सुटले की खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यात, जातात. म्हणून आधी तिथली भोकं चिंध्यांनी बुजवा. इंजिन पूर्ण खोलणार असाल तर एवढं बिघडत नाही, पण नुसते वॉल्व करायला बसलेल्या माणसाचा एक लॉक खाली गेला की त्याची पूर्ण संध्याकाळ गेली.

आता खरा विषय, माप. गॅरेजमध्ये माप थावात बोलतात, थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरमध्ये ०.०२५ धरा. आपल्या डोक्याचा एक केस साधारण दोन ते चार थाव जाड असतो. अख्ख्या इंजिनाचं जगणं-मरणं या केसाएवढ्या फटींवर आहे. पिस्टन आणि बोअर यांच्यात हवी तीन थावाच्या आसपास फट. का हवी, तर पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि ब्लॉक बिडाचा, आणि ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतो. थंड असताना घट्ट बसवलात तर गरम झाल्यावर पिस्टनला जागाच उरत नाही, तो बोअरला घासून जाम होतो, यालाच पिस्टन सीझ होणं म्हणतात. आणि फट फार ठेवली तर पिस्टन आत आपटत राहतो, टकटक आवाज येतो, रिंगा वाकड्यातिकड्या घासतात, पुन्हा निळा धूर.

बोअर मोजताना एकदा मोजून भागत नाही. वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, एक क्रँकच्या (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा खालचा दांडा) समांतर आणि एक त्याला काटकोनात, म्हणजे एका सिलिंडरची सहा मापं. झीज सगळीकडे सारखी होत नाही म्हणून हा खटाटोप. सगळ्यात जास्त झीज वरच्या रिंगेच्या टप्प्यात होते, कारण तिथं स्फोट होतो, तापमान जास्त, आणि ऑइल सगळ्यात कमी पोचतं. आणि काटकोनाच्या दिशेने जास्त होते, कारण पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड तिरका असताना पिस्टनला एका भिंतीवर रेटतो. माझा दोन नंबर वर ३.१३३ आणि खाली ३.१२६ निघाला, म्हणजे सात थाव निमुळता. साधारण पाचच्या वर गेलं की नवीन रिंगा टाकून उपयोग नसतो, कारण रिंग खाली जाताना आकसते आणि वर येताना पसरते, आणि हे तीन हजार आरपीएमला सेकंदाला पन्नास वेळा करायचं तिला जमत नाही. बोअर करणं आलंच.

इथं लोक एक हिशोब चुकतात, मीही चुकलो असतो. झीज आठ थाव (३.१३३ वजा मूळ ३.१२५), मग दहा थाव ओव्हरसाइज, म्हणजे तेवढा मोठा, पिस्टन पुरेल ना? नाही पुरत. झीज एका बाजूला जास्त आहे आणि नवं गोल भोक तर जुन्याच मध्यावर पाडायचंय, म्हणजे एका बाजूची झीज काढायला दुसऱ्या बाजूचंही तेवढंच कापावं लागतं. शिवाय बोअर केल्यावर होनिंगला, म्हणजे दगडाने शेवटचं बारीक घासायला, थोडं मटेरियल शिल्लक पाहिजे. म्हणून मी वीसचे पिस्टन घेतले, आणि चारही सिलिंडर वीसलाच, एक वेगळा आणि तीन वेगळे असं करत नाहीत.

आणि कृपा करून पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक मशीन शॉपला देऊ नका. डब्यावर वीस लिहिलंय म्हणजे पिस्टन बरोबर तेवढाच असतो असं नाही, प्रत्येक पिस्टन मोजून त्या-त्या सिलिंडरचं बोअर करायचं असतं. अंबडला एका ठिकाणी दिला होता ब्लॉक, त्यांनी पिस्टन बघितलेच नाहीत, डब्यावरच्या आकड्यावरून केलं. घरी आणून मी मोजलं तर फट एक थाव, एका सिलिंडरला त्याहून कमी. तिथले काका म्हणाले अहो घट्ट आहे ते चांगलं, चालवलं की मोकळं होईल. हे वाक्य तुम्हालाही ऐकू येईल, ऐकून घ्या आणि ब्लॉक परत होनिंगला लावा. पिस्टन मोजायची जागा पण लक्षात ठेवा, वरचं डोकं नाही, खालच्या स्कर्टवर म्हणजे खालच्या भिंतीवर, रॉडला जोडणाऱ्या पिनच्या काटकोनात, कारण पिस्टन मुद्दामच थोडा लंबगोल बनवलेला असतो.

आता क्रँक. या इंजिनात क्रँक तीन मेन बेअरिंगवर फिरतो आणि चार रॉड त्याला लटकलेले. लोकांना वाटतं क्रँक बेअरिंगवर घासत फिरतो, पण इंजिन चालू असताना तो बेअरिंगला शिवत पण नाही, मध्ये ऑइलची पातळ थर असते आणि क्रँक त्यावर तरंगतो. पावसात गंगापूर रोडला साचलेल्या पाण्यावरून गाडी जोरात गेली की टायर रस्ता सोडून पाण्यावर घसरतो ना, तेच, फक्त तिथं आपल्याला नको असतं आणि इथं हवं असतं. फिरणारा क्रँक ऑइल ओढून स्वतःच्या खाली पाचरीसारखं कोंबतो आणि त्यावर उचलला जातो, पंपाचं काम फक्त तिथं ऑइल पोचवायचं. फट एक-दोन थाव असली की ही पाचर टिकते. जास्त असली तर ऑइल बाजूने निसटतं, प्रेशर पडतं, धातूला धातू लागतो. कमी असली तर ऑइल शिरतच नाही.

ही फट मोजायला प्लास्टिगेज मिळतं, मेणासारखा बारीक धागा असतो. क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर, धाग्याचा तुकडा ठेवायचा, बेअरिंगची कॅप बसवून पूर्ण टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराला, आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, मग कॅप उघडून दाबलेल्या धाग्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी जुळवायची. धागा जेवढा चपटा आणि रुंद तेवढी फट कमी. माझ्या क्रँकच्या जर्नलवर नखाला लागतील असे चरे होते म्हणून तो ग्राइंड करून दहा थाव अंडरसाइज शेल, म्हणजे बेअरिंगचे अर्धगोल पत्रे, टाकले. इथं उलटं असतं बघा, बोअर मोठा होत जातो म्हणून ओव्हरसाइज आणि क्रँक बारीक होत जातो म्हणून अंडरसाइज, दुकानात सांगताना गडबड करू नका. क्रँकच्या आतून ऑइलची भोकं गेलेली असतात, ग्राइंडिंगची पूड त्यात हमखास अडकते, बारीक ब्रश घालून हवा मारा आणि परत घाला.

वॉल्व सीट, म्हणजे बंद होताना वॉल्व ज्या कडेवर टेकतो ती, तिच्याबद्दल एक गोष्ट. १ फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशात शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं. ते शिसं एक्झॉस्ट वॉल्वच्या सीटवर बारीक थर धरायचं आणि सीट वाचायची. जुन्या इंजिनाची सीट मऊ असेल तर आता ती हळूहळू खाली बसत जाते आणि टॅपेटची, म्हणजे वॉल्वला ढकलणाऱ्या भागाची, फट सतत कमी होत जाते. या इंजिनात ती सीट ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिन बांधून झाल्यावर पुन्हा काम काढायचं म्हणजे डोकेदुखी. ब्लॉक मशीन शॉपला आहेच तर तेव्हाच कडक सीट बसवून घ्या. आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्याला जुनं रबर टिकत नाही, फ्युएल पंपाचा डायफ्राम आणि सगळे पाइप नवीन, आजच्या पेट्रोलला चालणारे घ्या.

ब्लॉक मशीन शॉपमधून आला की सगळ्यांना जोडायची घाई होते. थांबा. होनिंगच्या दगडाची पूड बोअरच्या बारीक रेघांत बसलेली असते आणि ती रॉकेलने किंवा डिझेलने निघत नाही, ते फक्त वरून चकचकीत दिसतं. गरम पाणी आणि कपड्याची साबण पावडर, आणि घासायला ब्रश, अगदी गोधडी धुवावी तसं. मी आईची कपड्याची बादली वापरली, त्यावर जे बोलणं बसलं ते इथं लिहीत नाही. नंतर पांढरं फडकं ऑइलमध्ये भिजवून बोअरमधून फिरवायचं, फडकं राखाडी झालं तर परत धुवायचं. माझं चौथ्यांदा पांढरं निघालं. आणि प्रत्येक वेळी पाण्याने धुतलं की लगेच कोरडं करून ऑइल लावा, लगेच म्हणजे लगेच, चहाला जाऊ नका. जुलै होता, बाहेर रिपरिप चालू, मी एक बोअर पुसायचा ठेवून फोन घ्यायला गेलो आणि परत येईपर्यंत त्यावर केशरी झाक आलेली.

रिंग पिस्टनवर चढवायच्या आधी नुसती बोअरमध्ये घालून, पिस्टनने सरळ खाली ढकलून, तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. सोपा हिशोब, बोअरच्या प्रत्येक इंचाला चार थाव, म्हणजे आपल्याला बाराच्या आसपास. कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते, म्हणून टोक कानसीने घासून वाढवतात. रॉड बसवतानाही एक गंमत आहे, या इंजिनाचे रॉड खालच्या बाजूला मधोमध नसतात, जरा एका अंगाला सरकलेले असतात, आणि सरकलेली बाजू जवळच्या मेन बेअरिंगपासून लांब यायला हवी. म्हणून खोलतानाच रॉडवर आणि कॅपवर नंबर घाला आणि एकाची कॅप दुसऱ्याला कधीही लावू नका, त्या जोडीनेच बोअर केलेल्या असतात.

हेड आवळताना बोल्टची भोकं आधी साफ करा. आत ऑइल किंवा पाणी साचलं असेल तर बोल्ट खाली येताना ते दाबलं जातं, जायला जागा नसते, आणि ब्लॉक तडकू शकतो. आवळायचं मधून बाहेर, तीन टप्प्यांत, शेवटी ६० ते ७० फूट-पौंड, टॉर्क रेंचने. आमच्या मामांचा हात हाच टॉर्क रेंच असं मामांचं म्हणणं आहे, म्हणून त्यांना त्या दिवशी गावातून नवीन होजपाइप आणायला पाठवलं. लपलेला बोल्ट विसरू नका, तो कार्ब्युरेटर बसवायच्या आधीच. थंड इंजिनावर टॅपेट इनटेक १८ थाव, एक्झॉस्ट १६ थाव.

ऑइल पंपाने मला दोन दिवस रडवलं. हा पंप ब्लॉकच्या बाजूला बसतो, वॉल्व उघडणाऱ्या कॅमच्या दांड्यावर फिरतो, आणि प्लगांना स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर पंपाच्याच दांड्यावर फिरतो. म्हणजे पंप बसवताना गिअरचा एक दात चुकला की स्पार्कचं टायमिंगच चुकतं, आणि डिस्ट्रिब्युटर कितीही फिरवला तरी तो कुठंतरी अडतोच. इंजिन फटफट करून बॅकफायर करायचं, मी वायरी १-३-४-२ आहेत का ते दहा वेळा बघितलं, पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. शेवटी पंप काढून एक दात मागे घेऊन बसवला आणि दुसऱ्या स्टार्टरला लागलं. आणखी एक, कोरडा पंप ऑइल ओढत नाही, बसवायच्या आधी त्यात ऑइल किंवा व्हॅसलीन भरा, आणि प्लग काढून स्टार्टर मारत राहा, मीटरचा काटा हलेपर्यंत. काटा हलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही.

चालू झाल्यावर स्लोवर सोडून कौतुक बघत बसू नका, नव्या रिंगा बोअरमध्ये बसायला दाब लागतो आणि तो स्लोवर येत नाही. थोडी रेस ठेवून, तापमान आणि प्रेशर बघत, पंधरा-वीस मिनिटं, मग थंड करून गळती बघा आणि रस्त्यावर काढा, स्पीड कमी-जास्त करत, चढावर थोडा जोर देत आणि उतारावर एक्सेलेटर सोडत. ब्लॉक तोच असल्यामुळे इंजिन नंबर बदलत नाही, त्यामुळे पेठ रोडला आरटीओत इंजिन बदलाचं काही प्रकरण नाही, फिटनेस आणि बाकीची कागदं मात्र तुमची तुम्ही बघा.

दिंडोरी-वणी-दिंडोरी अशा रिकाम्या फेऱ्या मारून पाचशे किलोमीटर झाले तेव्हा ऑइल बदललं. काढलेलं ऑइल ट्रेमध्ये घेऊन उन्हात धरलं तर त्यात बारीक चंदेरी पूड चमकत होती, ती पहिल्यांदा यायचीच, बोटाला टोचतील असे कण असते तर मात्र परत चेंबर उघडावा लागला असता. मागच्या सीलपाशी एक थेंब अजून लटकतो, या इंजिनाचा तो जुना रोगच आहे. मामा शेजारी उभे होते, त्यांनी ट्रेमध्ये बघितलं, मला विचारलं आता क्रेट भरायचे का? मी म्हटलं अर्धा हौदा भरा. त्यांनी पूर्ण भरला.